काळोखाचे बारा मेगापिक्सेल

आमच्या वावरातली तूर रात्री कोण खातं, याबद्दल मेडशीत दुमत नव्हतं. रोही. नीलगायीला वऱ्हाडात रोही म्हणतात आणि वावरातून काहीही कमी झालं की ते रोह्याच्या खात्यावर मांडलं जातं. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, सोयाबीनची कोवळी पानं, सगळं. मागे एकदा धुऱ्यावर ठेवलेला भाकरीचा डबा गेला, तेव्हाही शेजारच्या काकांनी रोह्याचंच नाव घेतलं होतं. डबा फडक्यात गाठ मारून बांधलेला होता, ही बारीकशी अडचण कोणी मनावर घेतली नाही.

संशयाला जागा आहे, नाही असं नाही. अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून वाशीमच्या रस्त्याला लागलं की मेडशी येते. आजूबाजूला टेकड्या आणि जंगल. रोही येतात, रानडुकरं येतात. लोक जागलीला जातात, डबे बडवतात, झटका मशीन लावतात, धुऱ्यानं जुन्या साड्या बांधतात. हंगामात रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की प्रत्येक वावरात लग्न आहे आणि मांडवाला कापड कमी पडलंय.

पण मी शाळेत विज्ञान शिकवतो. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे दरवर्षी पोरांकडून वहीत लिहून घेतो. तेव्हा ठरवलं, वावरात कॅमेरा लावायचा. आणि तो स्वतः करायचा.

‘‘बाजारात सिमवाला, सोलरवाला तयार कॅमेरा भेटते ना. तो काऊन नाही आणत?’’ काकांनी विचारलं.

उत्तर म्हणून मी त्यांना टेबलावरची सोल्डरिंग गन, तारा, भिंगं आणि तीन रंगांचे बोर्ड दाखवले. काका ‘‘बरं, बरं’’ म्हणाले. दवाखान्यात खाटेवरच्या माणसाला म्हणतात तसं.

पहिला कॅमेरा होता ओव्ही-७६७०. ओव्ही म्हणजे ओम्नीव्हिजन, कॅमेऱ्याचे इवलेसे डोळे बनवणारी कंपनी. मी अकोल्याच्या एका दुकानदाराला फोनवर मोठ्यानं विचारत होतो, ‘‘ओव्ही सात हजार सहाशे सत्तर आहे का? आणि दोन हजार सहाशे चाळीस?’’ आत आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, ‘‘ज्ञानेश्वरी घरातच हाये ना बाबू, दुकानात कायले इचारतं?’’ ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या आहेत, म्हणजे दोन्ही आकडे त्यात बसत होते. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. पुढे कित्येक दिवस ती बायकांना सांगत होती, पोरगा ओव्यांच्या नादी लागला म्हणून. घरात येणारी पाकिटं त्या पुण्याईवर बिनबोभाट आत गेली.

ओव्ही-७६७० तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि ६४० बाय ४८० ठिपक्यांचं चित्र काढतो. ठिपक्यांची रांगोळी समजा, फक्त ठिपके ३,०७,२००. एकेका ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला दोन बाइट लागतात, म्हणजे एका फोटोला ६,१४,४०० बाइट. हा कॅमेरा मी ज्या आर्डुइनो उनो नावाच्या छोट्या बोर्डाला जोडला, त्याची रॅम आहे २,०४८ बाइट. भागाकार करून पाहिला, बरोबर ३०० आला. एक पूर्ण फोटो एका वेळी डोक्यात ठेवायचा तर ३०० उनो लागतील. बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार सातवीच्या पुस्तकातही सापडायचा नाही. शेवटी चित्र आणखी लहान केलं आणि ओळीओळीनं बाहेर काढलं. जे आलं ते हिरवट, तिरकं आणि पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं होतं. ते माझं तोंड आहे, हे बायकोनं केवळ चष्म्यावरून ओळखलं.

तसं पाहिलं तर सुरुवात याहून गरीब झालेली आहे. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात शंभर बाय शंभर ठिपके होते. ०.०१ मेगापिक्सेल. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर चढायला २३ सेकंद. हे मी घरात सांगितलं. बायको म्हणाली, ‘‘त्यांना त्याचा पगार मिळत होता ना?’’

मग आला ईएसपी-३२ कॅम. जगभरच्या छंदी लोकांचा हा लाडका बोर्ड. काडेपेटीपेक्षा लहान, हजाराच्या आत, वर ओव्ही-२६४० हा दोन मेगापिक्सेलचा डोळा, मेमरी कार्डाला खाच, वायफाय आणि झगझगीत पांढरा दिवा. डोळा स्वतःच फोटो आवळून जेपेग करून देतो, त्यामुळे मेमरीची रड नाही. इतकं स्वस्तात मिळतं म्हटल्यावर कुठेतरी दगा असणारच, आणि तो एका ठिकाणी नव्हता.

डोळ्याची चपटी फीत बोर्डावर बसवायची तर तिथलं तपकिरी झाकण नखानं अलगद उचलावं लागतं. हे झाकण तांदळाच्या कण्या जोडून केल्यासारखं असतं. माझं पहिलं मोडलं. दुसरं मोडलं नाही, उडालं. ते अजून घरात कुठेतरी आहे. भिंगाचा फोकस कारखान्यात डिंकाचा थेंब लावून पक्का केलेला असतो. तो मला दहा-बारा फुटांवर हवा होता, म्हणून पक्कडीनं हळूच फिरवायला गेलो. डिंक निघाला. भिंगही निघालं. आणि पुरेसा करंट मिळाला नाही की बोर्ड कण्हतो, ‘‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’’, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पडद्यावर रात्री अकरा वाजता तीच ओळ शंभर वेळा. बाबा मागून वाचत होते. अर्थ विचारला. मी म्हटलं, लाईन कमी येते अशी तक्रार करून राह्यला. बाबा म्हणाले, ‘‘मंग वावरातलाच हाये तो.’’ रात्री मोटर सुरू करायला जाणाऱ्या माणसाला या चिपचं दुःख समजायला भाषांतर लागत नाही.

शेवटी श्रीखंडाच्या डब्याला भोक पाडून कॅमेरा आत बसवला. शेजारी हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर, म्हणजे समोर उबदार काही हललं की तो कॅमेऱ्याला जागं करणार. विजेसाठी काकांच्या फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी. ती त्यांनी मोठ्या मनानं दिली, अट एकच: रोह्याचा पहिला फोटो त्यांना दाखवायचा. डबा आमच्या आणि त्यांच्या वावराच्या मधल्या धुऱ्यावर, बाभळीला बांधला.

पहिल्या दिवशी ४१२ फोटो आले. सगळे तुरीचे. उन्हानं तापलेली पानं वाऱ्यानं हलली की सेन्सरला जनावर आल्यासारखं वाटतं. एकाच रोपाचे ४१२ फोटो मी बसून पाहिले. त्या रोपाला आता मी कुठेही ओळखीन.

रात्रीची भानगड वेगळीच. या बोर्डावर तो झगझगीत दिवा आणि मेमरी कार्डाची एक तार एकाच पायावर आहेत. कार्डावर काही लिहिलं जाऊ लागलं की दिवाही लुकलुकतो. कार्ड एकाच तारेवर चालवण्याचा हुकूम दिला तर हे टळतं, पण ते मला नंतर कळलं. तोवर झालं असं: जनावर येणार, फोटो निघणार, दिवा विजेसारखा चमकणार आणि जनावर पळणार. दुसऱ्या फोटोत शेपूट, तिसऱ्यात तूर. शिवाय रात्री दोन वाजता वावरात उजेड लुकलुकतो ही बातमी सकाळी हॉटेलात चहाबरोबर पोचली. दुपारपर्यंत आमच्या धुऱ्यावर गुप्तधन निघालं होतं. संध्याकाळी दोन अनोळखी माणसं येऊन वावर विकायचं आहे का, असं विचारून गेली. बाबांनी भाव सांगितला तेव्हा ती गेली, पण बाबा त्या रात्री विचारात होते.

पण फोटो मिळाला होता! ओव्ही-२६४० चा, १६०० बाय १२०० ठिपक्यांचा, आणि त्यात मधोमध करड्या रंगाचा एक मोठा डाग. काकांनी मोबाइल हातभर लांब धरला, मग जवळ घेतला. ‘‘रोहीच हाये. हे पाय. हे शिंगं.’’ ते ज्याला शिंगं म्हणत होते ती बाभळीची फांदी होती. हॉटेलात तो फोटो फिरला. एकानं डुक्कर ओळखलं, एकानं बिबट. जो तो आपल्या वावराचं नुकसान ज्यानं केलं त्याला त्यात पाहत होता आणि सगळे समाधानानं घरी जात होते.

मीच तेवढा असमाधानी. मला डागाला डोळे हवे होते. इथून माझं मेगापिक्सेलचं वेड सुरू झालं.

वर्गात नववीतला पोरगा म्हणाला, ‘‘सर, आमच्या मोबाइलले पन्नास मेगापिक्सेल हाये.’’ नुसता आकडा ऐकवत नव्हता. दहा हजारांच्या फोनला पन्नास, आणि माझ्या यंत्राला दोन! घरात बायकोचा बंद पडलेला फोन होता, अठ्ठेचाळीसचा. तो उघडला. कॅमेरा निघाला, तुरीच्या डाळीएवढा, खाली मुंगीच्या पायांसारख्या टोकांचा जोड. आणि इथे खरी ग्यानबाची मेख आहे. हा डोळा मुका असतो. तो सुरू करताना त्याच्या आत शेकडो ठिकाणी ठरावीक आकडे भरावे लागतात, तेव्हा तो बोलायला लागतो. ती आकड्यांची यादी कंपनी फक्त करार करून लाखांनी माल घेणाऱ्यालाच देते. मी एक घेणार होतो, तोही फुकट. त्यातून त्याच्या तारांतून माहिती इतक्या वेगानं येते की माझ्यासारख्यानं घरी डाग लावून जोडलेल्या तारेवर ती टिकत नाही. बरं, त्या अठ्ठेचाळीसचीही गंमतच. त्यातले चार-चार ठिपके मिळून एक होतात आणि रोजचा फोटो निघतो बाराचाच. गावात पन्नास एकरवाला म्हणून मिरवणाऱ्याचे सातबारे काढले की असंच निघतं.

तेव्हा ज्याची यादी उघड आहे असा डोळा पाहिजे, आणि तो चालवायला खरा संगणक. सगळ्या वाटा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडे जातात. त्याच कंपनीचा पहिला कॅमेरा २०१३ साली आला, पाच मेगापिक्सेल. २०१६ मध्ये आठ, सोनीचा. २०२३ च्या जानेवारीत तिसरा, बारा मेगापिक्सेल, आपोआप फोकस करणारा. तिन्ही वेळा जाहीर किंमत तीच, २५ डॉलर. दहा वर्षं भाव तोच आणि माल दुपटीहून जास्त, असं सरकीच्या ढेपेच्या बाबतीत कधी झालेलं मी पाहिलं नाही. अर्थात २५ डॉलरची वस्तू वाशीम जिल्ह्यात शिरेपर्यंत २५ डॉलरची राहत नाही. कॅमेरा, त्याला चालवणारा पाय झीरो, कार्ड, टपाल धरून पाच हजारांच्या वर गेलं.

पाच हजारांसाठी घरात अर्ज करायचा म्हणजे पार्श्वभूमी लागते. मी बायकोला मराठी माणसाच्या कॅमेऱ्याचा इतिहास सांगितला. सावेदादा भाटवडेकरांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली. फिल्म धुवायला पुन्हा लंडनला पाठवली. म्हणजे आपल्याला पार्सल यायला पंधरा दिवस लागले तर कुरकुर करायचं कारण नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांना बाहेरून कॅमेरा आणणं जमेना, तर त्यांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून स्वतःच घडवला, आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला, १९२०. आणि दादासाहेब फाळके! विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि आल्यावर पहिलं काय टिपलं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते. थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेत. ‘‘पाह्य,’’ मी म्हणालो, ‘‘मराठी सिनेमाचा उगम कडधान्यात आहे. मी तूर टिपतोय, तर काय चुकलं?’’

बायको लक्ष देऊन ऐकत होती. फाळक्यांच्या पत्नीनं, सरस्वतीबाईंनी, पुढे सिनेमासाठी आपले दागिने काढून दिले, इथपर्यंत मी आलो. तिनं शांतपणे कपाटाची किल्ली उशीखालून काढून कमरेला खोचली. पाच हजार मात्र मंजूर झाले. त्या महिन्यात गंगीचं दूध वाढलं होतं. नव्या ढेपेचा गुण, असं बायकोचं म्हणणं होतं. गंगी म्हणजे आमची गाय. तिचा गोठा वावरातच आहे.

पार्सलची कथा लांबवत नाही. आमचा तालुका मालेगाव. महाराष्ट्रात दुसरं एक मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, आणि ते मोठं असल्यामुळे जगाला तेवढंच माहीत आहे. आमच्या मालेगावचं पार्सल आधी त्या मालेगावला जाऊन येतं, हा आम्हाला जन्मजात भोग आहे. फोनवर पार्सलचा ठावठिकाणा पाहत मी वर्गात भूगोल शिकवल्यासारखा ओरडायचो, ‘‘मनमाड! अरे, उलटं चाललंय!’’ काका म्हणाले, ‘‘तुह्या कॅमेऱ्यानं आपल्यापेक्षा जास्त महाराष्ट्र पाह्यला.’’

आला. उघडला. कॅमेऱ्याच्या फितीला १५ तारा, पाय झीरोच्या तोंडाला २२. दोन्ही एकाच कंपनीचे, आणि मध्ये वेगळी फीत लागते, ती वेगळी मागवावी लागते. ती फीतही आधी नाशिककडचं मालेगाव पाहून आली. मग कळलं की फोटो काढायचा हुकूम जुन्या धड्यांत ‘रास्पिस्टिल’ आहे, मधल्या धड्यांत ‘लिबकॅमेरा’ आणि आता ‘आरपीआय-कॅम’. जुन्या नावानं हाक मारली तर ओ देत नाही.

पहिल्या रात्री मिनिटाला एक याप्रमाणे सहाशेवर फोटो आले. प्रत्येक फोटो ४६०८ बाय २५९२ ठिपक्यांचा, म्हणजे जवळजवळ एक कोटी वीस लाख. सगळेच्या सगळे काळे. दिवा मी मुद्दाम लावला नव्हता, गुप्तधनाचा अनुभव ताजा होता. बारा मेगापिक्सेलचा काळोख मी संगणकावर मोठा करून पाहिला. काळोख अत्यंत स्पष्ट आला होता.

बाबांना समजावलं. गळक्या छपराखाली आपण भांडी ठेवतो ना, तसा उजेड वरून टपकतो आणि ठिपका म्हणजे भांडं. जुन्या कॅमेऱ्याचे ठिपके दोनच मेगापिक्सेल, पण एकेक २.२ मायक्रॉनचं, म्हणजे वाटी. नव्यात बारा, पण प्रत्येक १.४ मायक्रॉनचं, म्हणजे बुचं. बुचं कितीही मांडली तरी पाऊसच नसेल तर भरणार काय? डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा लावायचा तर कॅमेरा त्या किरणांची गाळणी काढलेला पाहिजे. तो वेगळा मिळतो, त्याच भावात, आणि मी नेमका हा मागवला होता. ‘‘म्हंजे पैसे अंधारात गेले,’’ बाबा म्हणाले. वऱ्हाडी माणूस कोटी करत नाही, हिशोब सांगतो.

तरी मी कॅमेरा काढला नाही. रात्र नाही तर पहाट तरी मिळेल. बॅटरी काकांची होती आणि ते रोज विचारत होते.

पहाट पाचव्या दिवशी मिळाली. सात वाजून दोन मिनिटांचा फोटो. जानेवारीची सकाळ, नुकतं फटफटलेलं, तुरीवर दव. आणि फोटोभर एक तोंड. फोकस आपोआप असा बसलेला की नाकावरचे पाण्याचे थेंब मोजून घ्यावेत. ओठाच्या कोपऱ्यातून तुरीची शेंग लोंबत होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. कडेला धुरा स्पष्ट, धुऱ्याच्या पलीकडे काकांची तूर, आणि तोंड काकांच्या तुरीत. गळ्याला तुटलेल्या दाव्याचं टोक. कानात जनावरांच्या दवाखान्यातून मारून दिलेला पिवळा बिल्ला, त्यावर काळे बारा आकडे. मेगापिक्सेलला एक.

मी बायकोला घेऊन गोठ्यात गेलो. गंगी खुंट्याजवळ उभी होती, डोळे अर्धे मिटून रवंथ करत, जशी आम्हाला रोज सकाळी दिसते तशी. दावं खुंट्याला होतं, गंगीला नुसतं टोक. इतके दिवस खाली पाहायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी मोबाइलवरून आकडे वाचत होतो, बायको कान धरून ताडून पाहत होती. गंगी मधेच कान झटकायची, मग पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या आकड्याला बायकोनं कान सोडला.

बाबा मागून आले, फोटो पाहिला. ‘‘तरी म्हणलं, ढेपेनं इतकं दूध कुठी वाढते.’’

तेवढ्यात काकांचा फोन. ‘‘काय रे, आला का रोही?’’

‘‘आलाय काहीतरी, काका. पाठवतो.’’

मी संगणकाशी बसलो. फोटोतून कान कापला. मग धुरा कापला. उजेड कमी केला, अगदी कमी. शेवटी चित्र लहान केलं, ६४० बाय ४८०, ठिपके ३,०७,२००, जिथून सुरुवात केली होती तिथपर्यंत. करड्या रंगाचा सुरेख डाग तयार झाला. पाठवला.

दोन निळ्या रेघा उमटल्या. बराच वेळ काही नाही. मग काकांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला.

‘‘रोहीच हाये, मी पह्यलेच म्हणलं होतं. पण बाबू, तुह्या या कॅमेऱ्यात काई दम नाही. याच्याहून मोठा भेटत असन तं पाह्य, अर्धे पैसे मी देतो.’’